उणे १२७ अंशांचे घर

लीड्समधल्या आमच्या घरात, दिवाणखान्याच्या भिंतीवर, गोल चकतीचा एक जुना थर्मोस्टॅट होता. त्याच्या पोटात दोन धातूंची एक पट्टी होती. खोली गार झाली की ती वाकून खटका जोडत असे आणि स्वयंपाकघरातला बॉयलर पेटत असे, ऊब आली की तीच पट्टी खटका तोडत असे. त्याला पासवर्ड लागत नव्हता. तरीही, ऑफिसातून निघताना फोनवरूनच घर तापवता यावे, अशी दुर्बुद्धी मला झाली. तयार यंत्राची शे-दीडशे पौंड ही किंमत पाहून माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला आणि पंधरा पौंडांच्या सुट्या भागांत मी तेच यंत्र घरी बनवण्याचे जाहीर केले.

कागदावर काम सोपे होते. वायफाय असलेली ईएसपी ८२६६ ही इवलीशी पाटी, तापमान मोजणारा सेन्सर आणि खटक्याचे काम करणारा रिले. १९ अंशांच्या खाली दोन तारा जोडायच्या, वर गेले की तोडायच्या. गॅसच्या भागाला हात लावण्याचा अधिकार इंग्लंडात नोंदणीकृत कारागिरालाच असतो, त्यामुळे बॉयलर माझ्या तावडीतून सुटला. भिंतीतल्या तारांत मात्र २३० व्होल्ट होते. मेन स्विच बंद करूनही बायकोचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि धक्का बसलाच तर मला तारेपासून दूर ढकलता यावे म्हणून ती लाकडी लाटणे घेऊन अखेरपर्यंत मागे उभी होती. तिचा उत्साह पाहता मला व्होल्टांपेक्षा लाटण्याचीच भीती अधिक वाटली.

पहिल्याच संध्याकाळी रिले कटकट वाजू लागला. माझा सेन्सर ०.०६२५ अंशाचाही फरक टिपतो, हे मी सर्वांना अभिमानाने सांगितले होते (त्याची अचूकता अर्ध्या अंशाचीच आहे, हे सांगितले नव्हते). त्यामुळे पारा १९ च्या केसभर खाली गेला की बॉयलर पेटे आणि केसभर वर आला की विझे. मिरजेहून आलेल्या आईला ती पाल चुकचुकल्यासारखी वाटली. प्रत्येक आवाजासरशी ती जमिनीवर बोटे आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणू लागली. चालू आणि बंद होण्याच्या तापमानांत अर्ध्या अंशाचे अंतर मी ठेवले, तेव्हा कुठे तिच्या बोटांना विश्रांती मिळाली.

नोव्हेंबरातल्या एका रात्री मी घामाघूम होऊन जागा झालो. बॉयलरच्या गरम पाण्याने खोल्या तापवणारे सगळे रेडिएटर रणरणत होते आणि फोनवर घराचे तापमान उणे १२७ अंश दिसत होते. अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉक केंद्रावर १९८३ साली नोंदलेला थंडीचा विक्रमसुद्धा उणे ८९.२ अंशांचाच आहे. सेन्सरची तार निसटली होती आणि 'सेन्सर सापडत नाही' हे सांगण्यासाठी त्या प्रणालीत उणे १२७ हा आकडा ठरलेला असतो. माझ्या आज्ञावलीने तो आकडा खरा मानला आणि १४६ अंशांची तूट भरून काढण्यासाठी बिचारी रात्रभर झटत राहिली. सकाळी आई मात्र प्रसन्न होती. "आज कसं मिरजेच्या वैशाखासारखं वाटलं रे," ती म्हणाली.

खरे कोडे पुढेच होते. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास घर गार पडू लागले. आज्ञावली मी ओळ न् ओळ तपासली, रिले बदलला, पाटी बदलली. मल्टिमीटर, सोल्डरिंगची इस्त्री आणि जळलेल्या दोन पाट्या धरून पंधरा पौंडांचे एकशे चाळीस केव्हाच झाले होते. विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट १८८३ साली घेणारे वॉरन जॉन्सन हे अमेरिकेत विस्कॉन्सिनला शिक्षक होते, आणि वर्ग तापला की निवला हे पाहायला शिपाई वरचेवर आत येई, या त्रासातून त्यांना ते सुचले. माझ्या घरी यंत्र बसवल्यावर शिपाई नेमला गेला होता, आणि तो मीच होतो. अखेर एकदा सात वाजता दबा धरून बसलो, तेव्हा उलगडा झाला. सेन्सरच्या बरोबर खाली आईने देव मांडले होते. समई लागली की पाच मिनिटांत सेन्सरला २४ अंशांचा साक्षात्कार होई आणि आम्ही सगळे कुडकुडत आरती म्हणत असू.

देव हलवण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून सेन्सरची डबी आईच्या खुर्चीजवळच्या फळीवर नेली. ती जागा चुकली, असे शास्त्र म्हणेल. "म्हणजे या डबीला जे वाटतं, तेच बॉयलरला वाटतं?" एवढे एकच आईने विचारले होते, आणि मी कौतुकाने हो म्हटले होते. आता संध्याकाळी गाडीत बसून मी फोन उघडतो आणि घराचे तापमान १९ वरून भराभर उतरत ११ वर येताना दिसते, तेव्हा तार निसटल्याची शंका मला येत नाही. आईला थंडी वाजली आहे आणि फ्रीजमधली दह्याची वाटी तिने डबीला टेकवून ठेवली आहे, एवढेच मी समजतो.