हेस्टिंग्ज एका दिवसात जिंकलं, इंग्लंड मुठीत यायला वीस वर्षं लागली

१४ ऑक्टोबर १०६६ला सकाळी हेस्टिंग्जची लढाई सुरू झाली आणि अंधार पडेपर्यंत निकाल लागला. राजा हॅरॉल्ड पडला, फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. मला खरा प्रश्न त्यानंतरचा वाटतो. पंधरा-वीस लाख वस्तीचा देश, भाषा वेगळी, आणि समुद्र ओलांडून आलेले जेमतेम काही हजार लोक. २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक होताना आत जयघोष झाला, तो बाहेरच्या पहारेकऱ्यांना दंगा वाटला आणि त्यांनी आजूबाजूची घरं पेटवली! जिंकलेलेच इतके धास्तावलेले होते.

मग राज्य टिकलं कसं? ठरलेलं उत्तर: किल्ले. हे अर्धंच खरं आहे.

आधी किल्ला म्हणजे काय ते पाहू. सह्याद्रीतला गड डोळ्यांपुढे आणू नका. ही मातीची गढी. गोल खंदक खणायचा, निघालेली माती मधोमध थराथराने चोपून टेकाड रचायचं, माथ्यावर लाकडी बुरूज. पायथ्याशी आवार, त्यात घोडे, धान्य, शिबंदी; भोवती दुसरा खंदक आणि मेढेकोट. दगड नको, गवंडी नकोत. फावडी आणि वेठीला धरलेले स्थानिक लोक पुरतात. १०६९मध्ये यॉर्कला दुसरी गढी उभारायला विल्यम फक्त आठ दिवस थांबला होता. ताज्या भरावावर दगडी बांधकाम पेलत नाही, म्हणून दगडी मनोरे बहुधा नंतर आले.

जागा निवडण्यातच सगळी मेख होती. गढी शत्रूच्या वाटेवर नव्हे, शहराच्या उरावर बसवायची. १०६८मध्ये एक्झिटर १८ दिवसांच्या वेढ्यानंतर शरण आलं, लगेच तटाच्या आत किल्ला. त्याच वर्षी वॉरिक, नॉटिंगहॅम, यॉर्क, आणि परतताना लिंकन, हंटिंग्डन, केम्ब्रिज. लिंकनला किल्ल्यासाठी १६६ घरं गेली.

पण लाकूड जळतं. सप्टेंबर १०६९मध्ये डेन्मार्कचं आरमार आणि बंडखोर यॉर्कवर चालून आले. आजूबाजूच्या घरांचं सामान टाकून खंदक बुजवतील, या भीतीने शिबंदीनेच ती घरं पेटवली. आग पसरली, शहर आणि मोठं चर्च जळालं, आणि दोन दिवसांत दोन्ही गढ्या पडल्या. त्याआधी जानेवारीत उत्तरेचा नवा सरदार रॉबर्ट द कोमिन डरहॅममध्ये मुक्कामाला असताना आपल्या सैन्यासकट मारला गेला होता. गढी म्हणजे शे-दोनशे माणसांना मदत येईपर्यंत तग धरायची सोय. आसपासचा मुलूख उठला तर तीच सापळा होते.

यावर विल्यमने काढलेला उपाय भयानक होता. १०६९-७०च्या हिवाळ्यात उत्तरेत धान्य, नांगर, गुरं सगळं जाळलं. पुढच्या बंडाला शिधाच मिळू नये म्हणून. ऑर्डेरिक व्हिटालिस हा इतिहासकार एरवी विल्यमचं कौतुक करतो, पण एक लाख माणसं उपासमारीने मेली असं सांगून याबद्दल क्षमा नाही म्हणतो. आकडा फुगवलेला असेल, पण १०८६च्या नोंदींत यॉर्कशायरमधल्या कितीतरी गावांपुढे ‘उजाड’ एवढाच शेरा आहे. ‘त्या काळी असंच चालायचं’ ही सबब मला पटत नाही. त्या काळच्या लोकांनाही ती पटली नव्हती.

उरलेलं अर्धं उत्तर कागदावर आहे, आणि माझ्या मते तेच जड आहे. विल्यमने इंग्रजांची राज्ययंत्रणा मोडली नाही. शायरची, म्हणजे जिल्ह्याची, न्यायसभा तीच, जमिनीच्या ‘हाइड’ या एककावरची करआकारणी तीच, चांदीची पेनी तीच. टाकसाळीत नाणी पाडणारे बहुतेक इंग्रजच. बदलली ती वरची माणसं: शायरमधले राजाचे अधिकारी, म्हणजे शेरीफ, नॉर्मन झाले, १०७०मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप स्टिगंड जाऊन लॅनफ्रँक आला. जुन्या यंत्रणेची ताकद १०८४मध्ये दिसते: दर हाइडला सहा शिलिंग असा जबर कर बसवला.

जमिनीचं तर्कशास्त्र त्याहून धूर्त. विल्यम स्वतःला विजेता नव्हे, हॅरॉल्डच्या आधीच्या एडवर्ड राजाचा वारस म्हणवत होता. म्हणजे हॅरॉल्डची राजवट झालीच नाही, त्याच्या बाजूने लढलेले सगळे गद्दार, आणि त्यांच्या जमिनी जप्त. नॉर्मन सरदाराला बहुधा एखाद्या इंग्रजाची सगळी मालमत्ता जशीच्या तशी मिळे. ती आधीच अनेक शायरमध्ये विखुरलेली असे, त्यामुळे बहुतेक सरदारांच्या जमिनीही विखुरल्या. हा मुद्दाम आखलेला डाव होता असं सर्रास सांगतात. बराचसा तो या हस्तांतराचा परिणाम होता. जिथे धोका होता तिथे, वेल्सच्या सीमेवर चेस्टर किंवा श्रूजबरीला, त्याने सलग मुलूख एकाच हाती दिलाच की.

जमिनीच्या बदल्यात घोडेस्वार द्यायचे. मठही सुटले नाहीत: पीटरबरोला ६०, ग्लास्टनबरीला ४०, ॲबिंग्डनला ३०. आडरानात एकटा नॉर्मन मारला जाण्यावर वेगळा तोडगा: पाच दिवसांत खुनी सापडला नाही तर खुन्याच्या धन्याला दंड ४६ मार्क चांदी, आणि कमी पडेल ते सगळ्या ‘हंड्रेड’ने, म्हणजे तालुक्यासारख्या त्या विभागाने, भरायचं. पुढे तर मेलेला इंग्रज होता हे सिद्ध करायची जबाबदारीही लोकांवरच आली.

१०८५च्या नाताळात ग्लॉस्टरला हुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी ‘डूम्सडे’ नावाने ओळखली जाणारी जमिनींची मोजणी झाली. १३,००० हून अधिक ठिकाणं. एडवर्डच्या काळी जमीन कोणाची होती, आता कोणाची आहे, उत्पन्न किती. थेट राजाकडून जमीन धरणाऱ्या बड्यांमध्ये इंग्रज उरले होते दोन. १ ऑगस्ट १०८६ला सॉल्झबरीला सगळ्या वजनदार जमीनधारकांनी, ते कोणत्याही सरदाराचे असोत, थेट राजाशी निष्ठेची शपथ घेतली. तोवर विल्यमला इंग्रजांपेक्षा स्वतःच्या सरदारांची चिंता जास्त होती. १०७५च्या बंडाच्या तीन म्होरक्यांपैकी इंग्रज एकटा वॉल्थीऑफ, आणि मुंडकं उडालं ते त्याचंच. १०८२मध्ये विल्यमला स्वतःचा सावत्र भाऊ ओडो कैद करावा लागला.

सप्टेंबर १०८७मध्ये विल्यम वारला आणि इंग्लंड मधल्या मुलाकडे, विल्यम रूफसकडे, आलं. पुढच्याच वर्षी सुटून आलेल्या ओडोने नॉर्मन सरदारांना घेऊन बंड केलं. रूफसने मदतीला हाक दिली इंग्रजांना. ते आले, आणि पेव्हन्सी आणि रॉचेस्टर इथल्या नॉर्मन किल्ल्यांना वेढा घालून बसले.