मॉरिशस ‘आपल्या करबुडव्यांच्या पैशावर’ श्रीमंत झाला? तारखा जुळत नाहीत

फिरणारा दावा असा: “मॉरिशसकडे आहे काय? समुद्रकिनारे, आणि भारताशी केलेला करार. आपल्याकडचा काळा पैसा तिथून फिरवला गेला, त्यावर तो देश मोठा झाला.”

आधी करार. एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर लागू नये म्हणून केलेला, १९८२ चा. मॉरिशसच्या रहिवासी कंपनीने भारतातले शेअर विकले, तर भांडवली नफ्यावर कर लावायचा हक्क फक्त मॉरिशसचा. आणि मॉरिशस तो लावतच नव्हता. पळवाट खरीच होती, पैसा फिरून येत होता हेही खरे. पण परदेशी वित्तसंस्थांना आपला शेअर बाजार खुला झाला १९९२ मध्ये, आणि मॉरिशसचा ऑफशोअर कायदाही (बाहेरच्या देशांत व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना तिथे नोंदणीची सोय देणारा) त्याच वर्षीचा. तोवर तिथली बेकारी जवळपास सरली होती, कारखान्यांना माणसे मिळेनात.

मग आधीची कमाई कशाची? साखरेची. १९७५ पासून युरोपने वर्षाला सुमारे ५,०७,००० टन साखर ठरीव दराने घ्यायचे कबूल केले होते, आणि तो दर बहुतेक वर्षे जागतिक भावाच्या बराच वर असे. मळेवाल्यांनी त्यातला नफा हॉटेलांत आणि कापडधंद्यात घातला. (या उसाच्या शेतांत राबायला गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसेही होती.)

दुसरा आधार निर्यात क्षेत्राचा, १९७० च्या कायद्याचा. नाव ‘क्षेत्र’, पण त्याला कुंपण नव्हते. परवाना कारखान्याला मिळे, जागेला नव्हे. त्यामुळे शिलाईचे कारखाने थेट गावांत गेले आणि घराजवळ काम मिळाल्याने बायका मोठ्या संख्येने रुजू झाल्या. कच्चा माल बिनजकाती, वर आयकरात सवलत. श्रीमंत देश प्रत्येक देशाकडून किती कापडमाल घ्यायचा याचा कोटा ठरवत. हाँगकाँगचा कोटा भरला की तिथले कारखानदार मॉरिशसच्या कोट्यावर स्वेटर विणून घेत. युरोपात त्या मालाला जकात नव्हती. यात गोडगोड काही नाही: बायकांचे किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठरवलेले होते. त्याच दशकात, १९७७ पासून, माध्यमिक शिक्षण मोफत झाले. जन्मदर तर त्याआधीच उतरला होता: साठच्या दशकाच्या सुरुवातीला बाईमागे सहाच्या आसपास मुले, दहाएक वर्षांत तीनच्या आसपास, तेही सक्तीवाचून.

“नुसते किनारे” यात तथ्य आहे, पण अर्धेच. २०२० मध्ये विमाने थांबली, पर्यटक येईनात आणि अर्थव्यवस्था सुमारे १५ टक्क्यांनी आकसली.

राहता राहिला फिरवलेला पैसा. भारतात गुंतवायचे शंभर डॉलर मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, मुक्काम करत नाहीत. मागे उरते ती परवान्याची फी, हिशेबनिसांचे आणि वकिलांचे मानधन, बँकेचे शुल्क. सगळा वित्तव्यवसाय धरला तरी तो अर्थव्यवस्थेचा साधारण आठवा हिस्सा. २०१६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवर भारत कर लावू लागला. तरी २०१९ च्या उत्पन्नावरून जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात घातले. कोविडनंतर तो पुन्हा खाली आला. त्याआधीचे मोठे दणके दिल्लीतून बसलेच नव्हते: २००५ मध्ये कापडाचे कोटे संपले, हाँगकाँगवाले निघून गेले आणि पुढच्या काही वर्षांत युरोपने साखरेचा दर ३६ टक्क्यांनी उतरवला.