भाड्याच्या पावतीवर महिना लिहून घ्या

खात्यातून पैसे गेले म्हणजे भाडं भरल्याचा पुरावा झाला, असं बहुतेक भाडेकरू धरून चालतात. तसं नसतं. बँकेच्या नोंदीतून एवढंच कळतं की अमुक तारखेला अमुक रक्कम घरमालकाच्या खात्यात गेली. ते मार्चचं भाडं होतं, डिपॉझिट होतं की हातउसने परत केले होते, हे त्या नोंदीत नसतं. भांडण होतं ते यावरूनच. मार्चचं म्हणून दिलेले पैसे घरमालक जुन्या थकबाकीत धरतो आणि मार्च बाकीच राहतो. अनेक देशांच्या कायद्यात तत्त्व असं आहे की पैसे कशासाठी हे देणाऱ्यानं देतानाच सांगितलं, तर ते त्याचसाठी धरायचे. तो काहीच बोलला नाही, तर घेणारा ठरवतो. म्हणून पैसे पाठवताना शेऱ्यात ‘भाडे’, महिना, वर्ष आणि घर क्रमांक लिहाच. वीजबिल किंवा दुरुस्तीचे पैसे त्यात मिसळू नका, वेगळे पाठवा.

पावतीवर या गोष्टी हव्यात: घराचा पत्ता, भाडेकरूचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं भाडं, रक्कम आकड्यांत आणि अक्षरी, पैसे मिळाल्याची तारीख, रोख की बँकेतून (बँकेतून असेल तर व्यवहार क्रमांक), घेणाऱ्याचं नाव आणि सही. अर्धंच भाडं दिलं असेल तर ‘बाकी इतकी’ हेही लिहून घ्या. सही मुलाची किंवा व्यवस्थापकाची असेल, तर त्याला भाडं घ्यायचा अधिकार दिल्याचं घरमालकाचं एका ओळीचं पत्र आधीच घेऊन ठेवा. भाडं दुसऱ्याच कुणाच्या खात्यात भरायला सांगितलं, तरी हीच काळजी घ्या.

रोखीत धोका सर्वात जास्त. रोख द्यावीच लागली, तर तेवढीच रक्कम त्याच दिवशी खात्यातून काढा. तो पूर्ण पुरावा नव्हे, पण पावतीला आधार मिळतो. पैसे आणि पावती एकाच वेळी हातात यायला हवी. ‘वर्षाच्या शेवटी बारा पावत्या एकदम देतो’ याला अजिबात तयार होऊ नका. एकाच शाईत, ओळीनं क्रमांक असलेल्या बारा पावत्या पाहून कुणालाही शंका येईल, आणि तोवर संबंध बिघडले तर एकही मिळणार नाही.

घरमालक पावती देतच नसेल, तर रोख बंद करा आणि दर महिन्याला पैसे भरल्यावर लगेच संदेश पाठवा: ‘मार्चचं भाडं, इतकी रक्कम, आज अमुक क्रमांकानं भरलं. मिळाल्याचं कळवा.’ उत्तरात नुसतं ‘मिळालं’ आलं तरी ते कामाचं आहे. गप्पा आपोआप पुसल्या जाण्याची सोय त्या संभाषणापुरती बंद ठेवा आणि फोन बदलण्याआधी संभाषण बाहेर काढून जपा. उत्तरच येत नसेल, तर पोचपावती मिळेल अशा टपालानं भरलेल्या महिन्यांची यादी पाठवा.

स्क्रीनशॉटवर विसंबू नका. ‘प्रक्रिया सुरू’ दाखवणारा व्यवहार नंतर उलटू शकतो आणि चित्रात फेरफार करणंही सोपं असतं. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये दरवर्षी उतरवून ठेवा, कारण जुनी वर्षं ऑनलाइन कायम दिसतीलच असं नाही. यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत चिठ्ठ्यांवरची अक्षरं उडतात. त्यांचा फोटो त्याच दिवशी काढा.

डिपॉझिटची पावती वेगळी घ्या. घर सोडताना किल्ल्या दिल्याची तारीख आणि ‘भाड्यापोटी काही येणे नाही’ असं लिहिलेला सहीचा कागद किल्ल्या देतानाच मागा, नंतर फोन उचलले जात नाहीत.