सिबेलियसची चौथी सिम्फनी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या चौथ्या सिम्फनीवरील, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या रचनेवरील, माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : "या रचनेत बांधणीच नाही, एक धड सुरावट पुरी होत नाही, आणि लेखकाने परदेशी नाव पाहून मान डोलावली आहे." मतभेदाला माझी हरकत नाही, परंतु शेवटचे वाक्य मतभेद नसून हेत्वारोप आहे. मी मान का डोलावतो, हे मला कधीही न भेटलेल्या माणसाने परस्पर ठरवावे, ही रीत कुठली?

आपली एक दुरुस्ती मात्र मान्य करतो. चौथ्या भागातल्या वाद्याला मी सरसकट ग्लॉकेनश्पील, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचे वाद्य, म्हटले होते. स्कोअरमध्ये, म्हणजे रचनेच्या छापील स्वरलिपीत, नुसते 'ग्लॉकेन', म्हणजे घंटा, असे छापलेले असल्यामुळे काही संचालक तिथे नळीच्या घंटा वाजवून घेतात. लेखात तसा बदल केला आहे.

आता सुरावट पुरी न होण्याविषयी. मी एका हौशी वाद्यवृंदात अकरा वर्षे शेवटच्या रांगेत चेलो (गजाने वाजवायचे खर्जातले तंतुवाद्य) वाजवला आहे आणि या सिम्फनीची सुरुवात माझ्या हाताखालून गेलेली आहे. चेलो, डबल बास आणि बसून (bassoon) हे फुंकून वाजवायचे वाद्य मिळून चारच स्वर उचलतात : सी, डी, एफ शार्प, ई. सीला षड्ज मानले तर सा, रे, तीव्र म, ग. पंचमाचा आधार न देता तीव्र मध्यमावर आणून सोडलेला हा ताण पुढे चारही भागांत पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. त्यानंतर एफ शार्प आणि ई यांच्यात नुसता हेलकावा उरतो. तो वाजवताना गज किती सावकाश आणि सारख्या दाबाने ओढावा लागतो, हे ज्याने ओढला आहे त्यालाच ठाऊक. त्या हेलकाव्यावर एकटा चेलो गाऊ लागतो. याला बांधणी म्हणायचे नसेल, तर आपण बांधणी कशाला म्हणता, ते तरी लिहायचे होते.

तिसरा भाग आपण ऐकला असेलच, असे धरून चालतो. तिथे मुख्य सुरावट आरंभी सांगून मग तिचा विस्तार केलेला नाही. तिचे तुकडे आधी येतात, दर खेपेला थोडे पुढे सरकून थांबतात, आणि ती पूर्ण रूपात तंतुवाद्यांवर उभी राहते ती भाग संपत आल्यावर. सुरावट पुरी होते, फक्त ती पुरी होईपर्यंत थांबावे लागते. सिबेलियसच्याच आठवणीनुसार, 1907 साली हेलसिंकीत संगीतकार माहलरशी बोलताना त्याने सिम्फनीतला काटेकोरपणा आणि सर्व आशयबीजांना आतून जोडणारे तर्कशास्त्र आपल्याला आवडते, असे सांगितले होते. चार वर्षांनी लिहून झालेली ही रचना त्या बोलण्याला धरूनच आहे.

ती 'उदास' आहे, लांब आहे, हे आपले उरलेले आक्षेप रुचीचे आहेत. त्यांवर वाद घालण्यात मला रस नाही. 3 एप्रिल 1911 रोजी हेलसिंकीत सिबेलियसच्याच संचालनाखाली ती प्रथम वाजली, तेव्हा तिथले श्रोतेही गोंधळले होते, हे मी मूळ लेखातच लिहिले होते. आपण तेवढा परिच्छेद वाचला असता, तर सिम्फनीचा शेवट "अर्धवट सोडल्यासारखा" वाटला म्हणून मला दोष दिला नसता : ए मायनर या सिम्फनीच्या मूळ स्वरपट्टीचे ते शेवटचे स्वरमेळ ना गर्जत येतात ना विरत जातात, मध्यम आवाजातच वाजून थांबतात, आणि स्कोअरमध्ये त्याने तसेच लिहून ठेवले आहे.