पॅकअपनंतर काय? 'सेटवरच सगळं शिकता येतं' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चित्रपटव्यवसायाचं व्यवस्थापन रीतसर शिकावं, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा: हे वर्गात शिकवायचं काम नव्हे. लाखांनी फी भरण्यापेक्षा पोरांनी प्रॉडक्शनला लागावं, चार सिनेमे करावेत, सगळं आपोआप कळतं. शिवाय सिनेमा हिशेबाच्या वहीतून जन्मत नाही, असंही तुम्ही लिहिलंत.

यातलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. शेड्यूल लावणं सेटवरच कळतं. कागदावर एका दिवसात दोन लोकेशनं सहज बसतात. प्रत्यक्षात जनरेटर, लाइटच्या गाड्या, व्हॅनिटी, जेवणाचा टेम्पो असा सगळा ताफा हलवायचा म्हणजे आवराआवर, प्रवास आणि पुन्हा लाइटिंग यांत चार-पाच तास जातात. शिफ्ट लांबते, जादा पैसे लागतात आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, पुढे ढकलावा लागतो. त्या रात्रीची व्हाउचरं त्याच रात्री जुळवली नाहीत, तर बजेट फुटल्याचं कळायला शेवटचा आठवडा उजाडतो. हे कुठलंही पुस्तक शिकवणार नाही.

पण पॅकअपनंतर, म्हणजे शूटिंग आटोपल्यावर, जे सुरू होतं, ते सेटवरच्या माणसाला दिसतच नाही. थिएटरकडून रोज येणारा डीसीआर, म्हणजे दिवसाच्या कलेक्शनचा तक्ता, प्रॉडक्शनच्या पोराच्या हाती कधी पडतो? त्यात खेळागणिक विकलेली तिकिटं, एकूण गल्ला, जीएसटी, त्यानंतरचा नेट आणि त्यातला वितरकाचा हिस्सा एवढं सगळं असतं. प्रेक्षकाने १७७ रुपये मोजले, तर त्यातले २७ रुपये जीएसटीचे. नेट १५०. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ साली संप मिटला तेव्हा वितरकाचा हिस्सा ठरला नेटच्या पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. मराठीत दर करारागणिक ठरतो, पण उदाहरणाला हाच घेऊ. पहिल्या आठवड्यात वितरकाकडे ७५ रुपये आले. वितरकाचं कमिशन १० टक्के धरलं, तर निर्मात्याला ६७.५०. दुसऱ्या आठवड्यात त्याच तिकिटाचे साधारण ५७ रुपये उरतात.

आता सिनेमाला २ कोटी आणि प्रसिद्धी-प्रदर्शनाला ७५ लाख लागले, असं समजा. पहिल्या आठवड्याच्या वरच्या दराने धरलं तरी नुसता खर्च निघायला ४ लाख ७ हजार तिकिटं विकावी लागतात. खेळाला सरासरी ६० माणसं धरली तर जवळजवळ ६,८०० खेळ, म्हणजे रोज २०० खेळ मिळाले तरी ३४ दिवस. सोमवारी खेळ कापले जातात आणि हिस्साही उतरत जातो, हे यात धरलेलंच नाही. हे गणित पटकथा हातात असताना मांडलं, तर एक तर बजेट खाली आणता येतं किंवा थिएटरबाहेरची विक्री आधी पाहता येते. प्रदर्शनानंतर मांडलं, तर फक्त तोटा मोजता येतो.

तिकिटाचा दरही असाच. सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या मूळ दरावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून जास्त दराला १८. म्हणून मूळ दर १०० असेल तर प्रेक्षक १०५ देतो आणि १२० असेल तर १४१.६०. वाटपाला २० रुपये वाढले, त्यासाठी प्रेक्षकाच्या खिशातून ३६.६० गेले. तालुक्याच्या एकपडदा थिएटरात हा फरक माणसं घरी बसवतो.

वितरणाचा नकाशा तर आणखी चक्रावणारा. धंद्याच्या भाषेत महाराष्ट्र एक नाही, तो वेगवेगळ्या सर्किटांत, म्हणजे वितरणाच्या विभागांत, वाटलेला आहे. विदर्भ सीपी-बेरार सर्किटमध्ये, मराठवाडा निजाममध्ये आणि उरलेला बहुतेक भाग मुंबई सर्किटमध्ये, गोवा-गुजरातबरोबर. जुन्या प्रांतांच्या आणि संस्थानांच्या सीमा धंद्यात आजही बऱ्याच अंशी तशाच आहेत. 'मुंबई सर्किट दिलं' एवढ्यावर सही करणाऱ्याला नागपूर आणि संभाजीनगर कुणाकडे राहिलं, हे माहीत असायला हवं.

सर्वांत महागात पडतात ते करार. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचलंत तर दिसेल: हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही नमूद नसेल, तर ते संपतात. कादंबरीकाराशी एका पानाचा कागद करून सिनेमा काढला, तीन वर्षांनी ओटीटीवाल्यांनी जगभराचे हक्क मागितले, की त्यांचा वकील पहिल्यांदा तोच कागद मागतो. तिथे सौदा अडतो आणि लेखकाकडे पुन्हा जावं लागतं, या वेळी त्याच्या अटींवर. वितरकाच्या करारातही तसंच. प्रसिद्धीचा खर्च 'प्रत्यक्षानुसार' लिहिला आणि कमाल मर्यादा घातली नाही, तर तो आधी वळता होतो आणि निर्मात्यापर्यंत ओव्हरफ्लो, म्हणजे खर्च वळता होऊन उरणारी रक्कम, पोहोचतच नाही.

वहीतून सिनेमा जन्मत नाही, हे खरंच. पण १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली, तेव्हा शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांच्याबरोबर पाचवे भागीदार होते भांडवलाची बाजू सांभाळणारे सीतारामपंत कुळकर्णी. त्यांना वगळून त्या कलेचा विचार करता येत नाही.

फीबद्दलची तुमची काळजी मात्र मी गंभीरपणे घेतो, लेखात ती यायला हवी होती. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मिती हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. खासगी संस्थांत पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. खरे डीसीआर आणि खरे करार, नावं झाकून का होईना, वर्गात वाचायला देतात का? वितरण किंवा थिएटर चालवणारं कुणी शिकवतं का, की सगळे दिग्दर्शकच? आणि शेवटी विद्यार्थ्याकडून एका पटकथेचं ब्रेकडाउन (कुठल्या दृश्याला काय लागेल त्याची यादी), शेड्यूल, १० टक्के आकस्मिक खर्चासह बजेट आणि वसुलीचा तक्ता करून घेतात का? यातलं काहीच नसेल तर तुमचंच ऐकावं. फक्त सेटबरोबर दोन महिने एखाद्या वितरकाच्या ऑफिसातही बसावं, शुक्रवार ते सोमवारचे आकडे येतात त्या टेबलाशी.