शेंगेन व्हिसा नाकारला म्हणजे युरोप बंद? साफ चूक

‘शेंगेन व्हिसा नाकारला तर पाच वर्षं बंदी. नकार लपवून सोप्या देशाकडून अर्ज करा. खात्यात पाच लाख दाखवा. नाहीतर वकिलातीला फुकट अपील लिहा, फी परत मिळते.’ हा मेसेज खरा मानून माझ्या मावशीने जर्मनीला लेकाकडे जायचा बेतच रद्द केला. म्हणून हे लिहितोय. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत (शेंगेन देशांत) चालणारा, थोड्या दिवसांच्या मुक्कामाचा एकच व्हिसा.

बंदी नसते. युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेचं (नियम ८१०/२००९) कलम २१, उपकलम ९ स्पष्ट सांगतं की आधीच्या नकारामुळे नवा अर्ज आपोआप नाकारला जात नाही. दुसऱ्या दिवशीही अर्ज करता येतो. पाचाचा आकडा मात्र अगदीच हवेतला नाही, एवढं मान्य करतो. अर्जाची नोंद व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते. पण नोंद म्हणजे बंदी नव्हे.

आणि नेमकी ती नोंदच ‘लपवा’ हा सल्ला घातक ठरवते. बोटांच्या ठशांसकट ती सगळ्या शेंगेन देशांच्या वकिलातींना दिसते. लपवणार कोणापासून? ‘सोपा देश’ही निवडता येत नाही. जिथे जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज जातो; दिवस सारखे असतील तर जिथून आधी शिरणार त्या देशाकडे. दहा दिवस लेकाकडे राहायचं आणि हॉटेलचं खोटं बुकिंग भलत्याच देशाचं जोडायचं, ही फसवणूक आहे. उघडकीस आली तर मिळालेला व्हिसाही रद्द होतो.

त्यापेक्षा नकाराचा कागद नीट वाचा. त्यावर ठरावीक कारणांपुढे खूण असते. पुढचा अर्ज त्या खुणेला उत्तर देणारा हवा. ‘परत जाण्याबद्दल शंका’ असेल तर रजा मंजुरीचं पत्र, पेन्शनचा कागद द्या. शेतकऱ्याने ७/१२ सोबत बाजार समितीच्या पट्ट्या आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर लावावं. नुसता ७/१२ जमीन दाखवतो, उत्पन्न नाही.

पाच लाखांचंही तेच. महिनोन्‌महिने तीस-चाळीस हजार शिल्लक आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम पाच लाख जमा, ही ओळ स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यात भरते. एफडी मोडली असेल तर ती मोडल्याची पावती जोडा. लेकाने पाठवले असतील तर त्याचं पत्र आणि त्याचं स्टेटमेंट जोडा.

फी, म्हणजे मोठ्यांचे ९० युरो, नकारानंतर परत मिळत नाही.

अपिलाचा हक्क आहे, पण ज्या देशाने नाकारलं त्याच्या कायद्याने. जर्मन वकिलातीला फेरविचाराचं फुकट पत्र लिहायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता तिथल्या न्यायालयात जा किंवा नवा अर्ज करा. लेकाकडे जायचंय आणि फक्त कागद कमी पडलाय, तर नवा अर्जच बरा. फ्रान्सच्या नकारावर ३० दिवसांत आधी फ्रान्समधल्या नांत शहरातल्या कार्यालयाकडे दाद मागावी लागते, तीही फ्रेंचमध्ये. नकाराचा कागद हातात पडला की त्यावरच त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. मुदत मोजताना तीच लागते.