काटे खरवडू नका: घड्याळातल्या ‘लाखमोलाच्या रेडियम’वाल्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी उदगीरला मामांकडे गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेपर पसरलेला, त्यावर नानांचं मनगटी घड्याळ काच उचकटून ठेवलेलं, आणि मामांच्या हातात दाढीचं ब्लेड. नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. पोलीस ॲक्शनच्या वर्षी, म्हणजे १९४८ मध्ये, त्यांनी हैदराबादेतून हे स्विस घड्याळ घेतलं होतं. काळी डायल, रुंद पोकळ काटे आणि काट्यांच्या पोटात करपलेल्या भाकरीच्या रंगाचा लेप. मामा तो लेप खरवडून होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरत होते. हातभर अंतरावर परातीत मामींनी मळलेली कणीक.

“आगं, दोन लाख रुपये ग्रॅम भाव हाय ह्याला,” म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यात म्हटलंय की घड्याळाचे तीन काटे म्हणजे आपले घटी, पळ, विपळ, इंग्रजांनी चोरलेले. जाहिरातीत १०:१० वाजलेले असतात कारण त्या वेळी अब्राहम लिंकन वारले. निळे काटे असतील तर त्यात नीलमचा चुरा आहे. आणि जुने काटे अंधारात चमकायचे थांबले असतील तर त्यातलं विष उडून गेलं, आता फक्त किमती रेडियम उरलंय, ते खरवडून ठेवा, खरेदीदार घरी येतील. खाली एक मोबाइल नंबर.

माझ्या वडिलांनी लातूरच्या गंजगोलाईत पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. त्या टेबलाशेजारी बसून मी शाळेचा अभ्यास केलाय. म्हणून हे लिहिते, आणि शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण त्याच्यानं माणूस मरू शकतो.

चमक गेली म्हणजे विष गेलं, हे साफ खोटं आहे. खरं नेमकं उलट आहे. त्या लेपात दोन गोष्टी असत: रेडियम, म्हणजे सतत किरण सोडणारा किरणोत्सारी धातू, आणि झिंक सल्फाइड. उजेड देतं ते झिंक सल्फाइड. रेडियमचे किरण त्याच्यावर रात्रंदिवस आदळतात आणि ते उजळतं. आदळून आदळून काही वर्षांत झिंक सल्फाइडच निकामी होतं आणि काटा काळवंडतो. रेडियमचं काहीच बिघडत नाही. त्याचा जोर निम्म्यावर यायला १६०० वर्षं लागतात. नानांचं घड्याळ ७५ वर्षांहून जुनं आहे. म्हणजे त्यातलं रेडियम जवळपास जसंच्या तसं आहे, फक्त आता ते डोळ्यांना दिसत नाही.

घड्याळ बंद असताना धोका कमी असतो. रेडियममधून मुख्यतः जे अल्फा कण निघतात ते काचेतून किंवा धातूच्या केसमधून बाहेर येत नाहीत. पण काच काढली, ब्लेड चालवलं, भुकटी उडाली, ती नाकात गेली, बोटाला लागली, बोट तोंडाला लागलं, की संरक्षण संपलं. शरीर रेडियमला कॅल्शियम समजतं आणि हाडात नेऊन बसवतं. तिथून ते आयुष्यभर हाड जाळत राहतं.

हे माझं मत नाही, हे कोर्टापर्यंत गेलेलं आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी घड्याळाच्या डायलवर रेडियमचा रंग भरायचा कारखाना होता. कामाला तरुण पोरी. आकडे बारीक काढायचे म्हणून ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं, रंगात बुडवायचं, लावायचं, पुन्हा ओठांत, असं त्यांना शिकवलं होतं. रंग निरुपद्रवी आहे असं सांगितलं होतं. काही जणी गंमत म्हणून तो नखांना लावायच्या. पुढे त्यांचे दात पडायला लागले, मग जबड्याची हाडं सडून तुकडे हातात यायला लागले. ग्रेस फ्रायर ही त्यांतली एक. तिला तिची बाजू घेणारा वकील मिळायलाच दोन वर्षं लागली. १९२७ मध्ये तिने आणि आणखी चौघींनी दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड झाली तेव्हा प्रत्येकीला १०,००० डॉलर आणि वर्षाला ६०० डॉलर मिळाले. ग्रेस १९३३ मध्ये गेली. त्या पोरींच्या ओठांना लागत होता तोच लेप मामांच्या ओट्यावर कणकेशेजारी पडला होता.

आता भावाचं. यात अर्धं खरं आहे ते मान्य करते. रेडियम एके काळी खरंच अतोनात महाग होतं. १९२१ मध्ये मारी क्युरी यांना अमेरिकेत एक ग्रॅम रेडियम भेट दिलं गेलं, त्याची किंमत एक लाख डॉलर होती. पण त्या गोष्टीला शंभर वर्षं झाली. आणि एका मनगटी घड्याळावर रेडियम असतं सहसा एका मायक्रोग्रॅमहूनही कमी. एक ग्रॅम जमवायला दहा लाखांच्या वर घड्याळं खरवडावी लागतील. शिवाय किरणोत्सारी पदार्थाची खरेदी-विक्री आपल्या देशात परवान्याशिवाय होत नाही, त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळ असतं. घरी येऊन बाटली विकत घेणारा कुणी नाही. त्या नंबरवर फोन केला की आधी ‘तपासणी फी’ मागतात, मामांकडेही मागितली होती. मांडूळ साप झाला, तांदूळ ओढतं म्हणून विकलेलं ‘राइस पुलर’ भांडं झालं, आता काटे; फसवणूक तीच.

‘रेडियम’ शब्दानं आपल्याकडे वेगळाच घोळ केलाय. नंबरप्लेटवर चकाकणारी पट्टी लावणारा तो रेडियमवाला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं लाल रेडियम. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, ती समोरून पडलेला उजेड परत फेकते. आज दुकानात मिळणाऱ्या घड्याळांच्या चमकत्या काट्यांतही नसतं. १९९३ मध्ये जपानमध्ये निघालेला स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा लेप त्यात बहुतेक वेळा असतो, तो दिवसा उजेड पितो आणि रात्री सोडतो. त्याला अजिबात घाबरू नका. भीती आहे ती आजा-पणजाच्या पेटीतल्या जुन्या घड्याळांची.

काट्यांचा आकारसुद्धा या लेपानंच ठरवला. नानांच्या घड्याळाचे काटे पोकळ चौकटीसारखे आहेत ते शोभेला नाहीत, लेप धरून ठेवायला आहेत. इंजेक्शनच्या सिरिंजसारखे काटे, चर्चच्या रंगीत खिडकीसारखे कप्पे पाडलेले काटे, सगळ्यांचं तेच कारण. रोलेक्सच्या तासकाट्यावर गोलात तीन आऱ्या दिसतात, त्यावरून ते मर्सिडीज गाडीवाल्यांनी बनवलेत असंही मेसेजच्या तळाशी घुसडलंय. त्या आऱ्या मोठ्या गोलातला लेप निसटू नये म्हणून आहेत. गाडीशी संबंध नाही.

निळ्या काट्यांचं मात्र मला फार वाईट वाटलं, कारण त्यामागं कारागिरी आहे आणि मेसेजनं तिचा नीलमचा चुरा करून टाकला. निळा रंग पोलादाचाच असतो. बाबा पितळेच्या किसावर घासून चकचकीत केलेला काटा ठेवायचे आणि खालून स्पिरिटचा दिवा. आधी काटा गवती पिवळा होतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास एकदम मोरपिशी निळा. त्या क्षणी चिमट्यानं उचलायचा. श्वासभर उशीर झाला की राखाडी पडतो, पुन्हा घासा. पोलादावर ऑक्सिडचा पातळ थर चढतो, तो गंजही अडवतो. पॅरिसच्या ब्रेगे यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस टोकाशी पोकळ गोल असलेले जे नाजूक काटे काढले, ते असेच निळे. तुमचा काटा खरा भाजलेला आहे की रंगवलेला, हे बघायचं तर उजेडात तिरका धरा. खरा असेल तर एका कोनातून जवळजवळ काळा दिसतो.

घटी-पळ-विपळ? एक घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ सेकंदाच्या निम्म्याहूनही कमी. यातलं काहीही दाखवणारा काटा तुमच्या घड्याळात आहे का? युरोपातल्या घड्याळांना कित्येक पिढ्या तासाचा एकच काटा होता, कारण ती दिवसात इतकी चुकायची की मिनिटं दाखवण्यात अर्थच नव्हता. १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी बॅलन्सला, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या मागेपुढे हलणाऱ्या चाकाला, स्प्रिंग बसवली, तेव्हापासून खिशातल्या घड्याळात मिनिटकाटा रुळला. ‘घड्याळ’ हा शब्द घटीच्याच घराण्यातला आहे आणि लग्नात घंगाळात सोडलेलं घटिकापात्र बुडायला बरोबर एक घटी लागायची, एवढं खरं. ते आपलं होतंच, त्यासाठी कुणी काही चोरायची गरज नाही.

लिंकन यांच्यावर गोळी रात्री दहानंतर झाडली गेली आणि ते वारले सकाळी ७:२२ ला. जुन्या जाहिरातींत ८:२० सुद्धा वाजलेले असायचे. १०:१० ठेवतात कारण बाराच्या खाली लिहिलेलं कंपनीचं नाव दोन काट्यांच्या मधोमध मोकळं राहतं. बास.

मामांच्या घरी मग आम्ही काय केलं तेही सांगते. पंखा बंद केला. झाडू लावला नाही, झाडूनं भुकटी उडते. ओल्या कागदानं ओटा हलक्या हातानं तीनदा पुसला आणि ते कागद, पेपर, ब्लेड, बाटली, घड्याळ, सगळं दोन जाड पिशव्यांत घालून तोंडं चिकटपट्टीनं बंद केली. कणीक टाकून दिली. मामांनी साबणानं हात धुतले, नखं कापली, ती कात्रणंही पिशवीत घातली. पिशवी आता गच्चीवरच्या बंद पत्र्याच्या पेटीत आहे, राहत्या खोल्यांपासून लांब, आणि ती कुठे सोपवायची हे विचारणारा अर्ज मी नियामक मंडळाला पाठवलाय.

तुमच्या घरी असं घड्याळ असेल तर काच काढू नका, दुरुस्तीला नेलं तर काटे जुन्या रेडियमचे असतील हे दुरुस्तीवाल्याला आधी सांगा, आणि ज्यानं हा मेसेज पाठवला त्याला आजच फोन करून विचारा की त्यानं ब्लेड हातात घेतलं होतं का.